तिरपी पटाशी

११ जुलै, शुक्रवार

माहेरून, मंठ्याहून भारतचा फोन. उघाड पडली म्हणून त्यानं महालक्ष्म्यांची पेटी उन्हात काढली, तर थोरलीचा खांब वाळवीनं खाल्लेला. वरून रंग जसाच्या तसा, बोट लावलं की आत पोकळ! धाकटीचा शाबूत आहे. एकाच पेटीत दोघी शेजारी-शेजारी, आणि वाळवीनं एकीलाच निवडलं.

"आक्का, तू जालन्यातून स्टीलचे दोन स्टँड घेऊन ये. कटकट मिटली," असं भारत म्हणाला. मी हो म्हणणार तेवढ्यात मागून नानांचा आवाज — "स्टीलचे आणायचे असतील तर यंदा लक्ष्म्या उभ्याच करू नका."

फोन ठेवला. भाजी करपली. वरची वरची काढून घेतली, टाकली नाही.

१२ जुलै, शनिवार

हे म्हणतात, "म्हातारा हट्टी हाय, दोन दिवसांत विरघळंल." नाना विरघळणाऱ्यातले नाहीत. ऐंशी पार केली, काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले, तरी दाढीचा वस्तरा दुसऱ्याच्या हातात देत नाहीत.

माहेरच्या लक्ष्म्यांना सागाचे कातीव खांब आहेत. वर मुखवटा बसतो, अंगावर साडी नेसवतो. खांबाला तीन मणी, एकाखाली एक. आमच्या खराद्याच्या, लाकूड कातणाऱ्याच्या घराचा नियम — देवाच्या वस्तूला पॉलिश पेपर मारायचा नाही. लाटणी-पोळपाट घासून गुळगुळीत केले तर चालतात. देवाचं लाकूड धारेनंच गुळगुळीत झालं पाहिजे. आणि तशी धार फक्त तिरपी पटाशी देते, जिचं पातं सरळ नसून तिरकं कापलेलं असतं. आता मंठ्यात खराद चालवणारा उरला नाही. भारतनं प्लायवूडचं दुकान टाकलं.

एकदा खंड पडला की पडला. आई गेल्यापासून मी माहेरी हक्कानं जाते ती लक्ष्म्यांनाच. साड्या मी नेसवते, आई नेसवायची तशा. त्या उभ्या राहिल्या नाहीत तर मी मंठ्याला कशाला जायचं? चहा पिऊन पाहुणीसारखं परत यायला?

१५ जुलै, मंगळवार

मंठ्याला जाऊन आले. एसटीत अर्धं तिकीट, तेवढं बरं.

नाना बाजेवर. बाजेखाली तो वाळवीचा खांब, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. भावजय शालू हळूच म्हणाली, "टाकू देऊन न्हाई राह्यले, आक्का. मी झाडू मारायला गेल्ते तर माझ्यावर वरडले. समद्या घरात वाळवी लागंल."

मी म्हटलं, नाना, जालन्यात आमच्या गल्लीत राधेश्याम खराद चालवतो. त्याच्याकडून करून आणते, सागाचाच.

"पेपर मारंल तो."

"नाही मारणार. मी समोर उभी राहते."

 नानांनी भिंतीकडे हात केला. तिथे तिरपी खिळ्याला लटकलेली, दसऱ्याचं हळद-कुंकू अजून मुठीवर. "ही घेऊन जा त्याला. बराबर परत आण." भारतनं जुन्या चौकटीचा सागवान दिला, एकच तुकडा आहे तेवढ्या लांबीचा. म्हणाला, "आक्का, पोळ्यापर्यंत बघ. न्हाई तर मी स्टीलचे आणतो, नानांचं नाना बघतील."

एसटीत पटाशी मांडीवर. लहानपणी त्या भिंतीखाली बसून दोरी ओढली त्याची आठवण आली. तेव्हा मोटार नव्हती. लाकडाला दोरीचा वेढा द्यायचा आणि दोन्ही टोकं धरून आलटून-पालटून ओढायची — लाकूड एकदा पुढे फिरायचं, एकदा मागे. पुढे फिरलं की नाना पटाशी टेकवायचे, मागे फिरलं की उचलायचे. टेकव, उचल. टेकव, उचल. शाळेतून आले की मी, मग भारत. पोरींनी दोरी ओढायची, हत्याराला हात लावायचा नाही — हे आजीचं. आजी उंबऱ्यात बसून लक्ष ठेवायची. भोवरे झाले की नाना फिरत्या लाकडाला लाखेची लाल कांडी लावायचे, आणि लाख वितळल्याचा वास पार चौकापर्यंत. आई तांब्यात चहा घेऊन यायची. झालेल्या लाटण्यावरून एक नख फिरवायची, काही न बोलता आत जायची. नाना ते लाटणं परत उचलून घासायला बसायचे.

१७ जुलै, गुरुवार

राधेश्याम नाही म्हणाला. पटाशी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "काकू, तिरपी माझ्या बापाच्यानं बी चालली न्हाई. खाते ती लाकूड. मी गोल पटाशीनं काढतो, पेपर मारतो, गिऱ्हाईकाला चमक पायजे. बिनापेपराचं मला जमणार न्हाई. खोटं कशाला बोलू?"

मी त्याच्या खरादीपाशी उभी. सोफ्याचे पाय रांगेनं मांडलेले. तोंडातून निघून गेलं — मंग मी करू का?

तो हसला नाही. विचार करून म्हणाला, "दुपारी मी जेवून आडवा होतो. तेवढा वेळ मोटार तुमची. पण बोट गेलं तर माझं नाव सांगायचं न्हाई."

१८ जुलै, शुक्रवार

आधी पदर खोचायला लावला. मग म्हणाला, बांगड्या काढा. "सवाष्णीला बांगड्या काढ म्हणतोस?" तो बिचारा लाल झाला. शेवटी जुन्या परकराची पट्टी मनगटावर गच्च गुंडाळली. बांगड्या आत.

निंबाचा तुकडा लावला. मोटार सुरू. पटाशी टेकवली मात्र — खाडकन! टोक आत घुसलं, लाकूड उसळून राधेश्यामच्या पाण्याच्या माठाला जाऊन लागलं. माठ वाचला. तुकड्यावर नागमोडी चर पडला, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत.

 आजचं अक्षर वाकडं येतंय.

ह्यांना सांगितलं. जेवता-जेवता म्हणाले, "मॅट्रिक झाली तवा मास्तरणीची नोकरी सांगून आल्ती, ती केली न्हाई. आता ह्या वयात खराद?" भाकरी मात्र मी वाढून घ्यायच्या आधी त्यांनीच माझ्या ताटात ठेवली.

२१ जुलै, सोमवार

एकादशी. उपासाच्या अंगानं खरादीवर गेले नाही. नानांना फोन केला. नानांना खरं सांगायची हिंमत नाही, त्यांच्या घरात बाईनं हत्यार धरलेलं नाही. म्हणून —

"नाना, राधेश्याम विचारून राह्यला. टोक सारखं घुसतंय त्याचं."

"टोक दाखवतो कशाला लाकडाला? तिरपीचं टोक म्हंजे सासूची जीभ. दिसली की आपुन मागं सरायचं. टाचंनं काप म्हणावं, पात्याच्या खालच्या अंगानं. अन् आधी पाठ टेकव, धार न्हाई. पाठ लाकडावर घासू दे, मंग मूठ हळू उचल. धार आपोआप खाली येती."

नानांच्या तोंडी सासू! त्यांची सासू तर त्यांच्या लग्नाआधीच गेलेली. ह्यांना सांगितलं तर तेही हसले.

२२ जुलै, मंगळवार

आधी पाठ, मग धार. आज भुसा नाही पडला. साल निघाली! कांद्याच्या पातीसारखी लांब, ओलसर, माझ्या मनगटावर येऊन वळली. राधेश्याम झोपेतून उठून बघायला आला. लाकडावरून हात फिरवला आणि सोफ्याच्या पायांकडे पाहिलं. "च्यायला," म्हणाला, मग "माफ करा काकू."

ढलप्या पिशवीत भरून आणल्या. बंबाला झाल्या.

२४ जुलै, गुरुवार

दोनदा टोक घुसलं. अंगठ्याला काळंनिळं. देवापुढे बसले तर जपाचा मणी धरवेना.

२८ जुलै, सोमवार

श्रावणातला पहिला सोमवार. महादेवाला जाऊन मग खरादीवर.

एक नवीनच भानगड. टोक घुसत नाही आता, साल चांगली निघते, पण लाकडावर बारीक बारीक वेढे पडतात, बांगड्या घातल्यासारखे. नखाला लागतात. पटाशीला धार लावून पाहिली, तेच. राधेश्याम माझ्या बाजूला उकिडवा बसून बघत राहिला.

"काकू, उचलता कशाला?"

"काय?"

"हत्यार. टेकवता अन् उचलता. टेकवता अन् उचलता. हे मोटारीचं हाय, एकाच बाजूनं फिरतं. मागं येत न्हाई."

मोटार बंद केली. खरंच. माझ्या अंगात दोरी आहे. दोरी ओढताना नानांचा हात बघत होते, तो हात माझ्या हातात उतरला. लाकूड मागे फिरतच नाही, तरी मी ते मागे फिरेल म्हणून थांबते.

घरी आले, कुकर लावला आणि रडले. कशाला ते कळलं नाही. चाळीस-एक वर्षांपूर्वीचं दुकान अंगात असं बसून राहील असं कोणाला वाटलं होतं? आणि ते दुकानच आता लक्ष्मीचा खांब होऊ देईना.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. आज चिरायचं नाही, कापायचं नाही. पटाशीला हात लावला नाही. हात मात्र पोळपाटावर नुसतेच फिरत होते.

३१ जुलै, गुरुवार

नानांना फोन. म्हटलं, राधेश्याम हत्यार सारखं उचलतो, वेढे पडतात.

पलीकडे नाना खाकरले. मग — "मोटारवाला उचलत न्हाई. ही दोरीवाल्याची खोड हाय. त्यानं दोरी कुठं ओढली?"

 म्हटलं, त्याच्या वडलांकडे असेल.

"असंल. त्याला म्हणावं, शेवई सोडतेत तसं हत्यार ने. पाटावरून शेवई खाली सोडताना हात थांबला तर तुटती, ओढला तर तुटती. तिच्यासंगं जायचं नुसतं."

राधेश्यामला शेवईचं उदाहरण? नाना पुरुषाला शेवई सांगतील? कळलं असेल का त्यांना? आणि कळलं असेल तर आवाज का चढला नाही?

५ ऑगस्ट, मंगळवार

शेवई! आज खरादीपाशी उभी राहिले तेव्हा डोळ्यांपुढे मंठ्याचं अंगण आणलं. चैत्रातलं ऊन, उभा तिरका पाट, आई वर बसून पिठाचा गोळा चोळते, मी खाली परातीपाशी तार झेलते. ती म्हणायची, "बघू नको माझ्याकडं, तारेकडं बघ." मी साल बघत राहिले, पटाशीकडे पाहिलंच नाही. इकडून तिकडे एका दमात गेली. नख फिरवलं — काही नाही. काहीच लागलं नाही. आरशासारखी चमक नाही. पिकलेल्या सीताफळाच्या बीसारखी आहे, आतून आल्यासारखी.

राधेश्यामला ठेचा-भाकरी जास्तीची दिली.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीला भारतच जालन्याला आला, मंठ्याला जाणं वाचलं. ओवाळून घेतलं आणि विचारलं, "काय म्हणतो राधेश्याम? जल्दी कर म्हणा त्याला." हे मध्येच म्हणाले, "राधेश्याम लई मन लावून करून राह्यला. त्याचे अंगठे बघितले का तू?" मी ताट उचललं. भारतनं माझ्या हाताकडे पाहिलं. आत गेले तर बाहेरून एवढंच ऐकू आलं — "भाऊजी, खरं सांगा." आणि मग दोघांचं हसू.

जाताना भारत म्हणाला, "शालूला सांगतो. नानांना न्हाई. नाना नाराज झाले तर मंग पंचाईत."

१४ ऑगस्ट, गुरुवार

आठवडाभर नुसते मणीच काततेय. मणी म्हणजे पटाशी एका बाजूला लोळवत खाली न्यायची, मूठ वर, आणि सगळं अंग तिच्याबरोबर. कधी नारळासारखा होतो, कधी बसका कांदा. गोल होत नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

उद्या सागवान लावायचा. पोळा तीन दिवसांवर. देवापुढे पटाशी ठेवली, फूल वाहिलं. एकच तुकडा आहे, आई जगदंबे.

२० ऑगस्ट, बुधवार

साग निंबासारखा नाही. कोरडा, तेलकट, लगेच ऐकतो आणि लगेच रुसतो. पण त्याचा वास! मोटार सुरू केली आणि दुकान समोर उभं राहिलं — लाख, चहा, आजीची तपकीर.

सरळ भाग झाला. पहिला मणी झाला. दुसरा झाला, पहिल्यापेक्षा चांगला. तिसऱ्याला वाटलं, आता जमलं. आणि तेवढंच वाटायला नको होतं. टोक लागलं. मण्याच्या पोटात चर.

राधेश्याम जवळ आला, वाकून पाहिलं. "जास्त न्हाई. दोन मिनिटं थांबा, कानस मारतो, वर पेपर. बिलकुल कळणार न्हाई. तसं बी तुमच्या वडलांना दिसतंय कुठं?"

"त्यांना दिसत नाही म्हणूनच," मी म्हटलं.

त्यानं कानस परत ठेवली. मी खाली बसले, भुशातच, भिंतीला टेकून. खरं सांगते, पेपर डोळ्यासमोर होता. हात पुढे गेला असता तर झालं असतं काम. लक्ष्म्या उभ्या राहिल्या असत्या, मी साड्या नेसवल्या असत्या. आणि दरवर्षी निऱ्या करताना माझा अंगठा त्याच मण्यावर आला असता.

उठले. धार परत लावली. चर जाईपर्यंत मणी तिरपीनंच उतरवत नेला. गोल झाला, पण दोघांपेक्षा बारीक. गुळगुळीत आहे. धारेनं झालेला.

नाना बारीक मणी मान्य करतील का, ते त्यांच्या हातात.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. भारतला फोन करून सांगितलं, झाला. स्टील आणू नको. तो म्हणाला, "नानांनी हात लावल्याबिगर काही खरं न्हाई."

३० ऑगस्ट, शनिवार

मंठा. पिशवीत खांब, पटाशी, दोन साड्या. घरात शिरल्याबरोबर नाना म्हणाले, "आण."

मांडीवर घेतला. आधी बोटं नाही, नख. वरून खाली, संथ. शालू परात घेऊन दारात थांबलेली, भारत मोबाईल हातात घेऊन नुसताच उभा. पहिला मणी, दुसरा मणी. तिसऱ्यावर बोट थांबलं.

"हा बारीक हाय."

"टोक घुसलं होतं त्याचं."

"अन् पेपर न्हाई मारला."

"नाही."

नाना हसले. दात नाहीत, तरी किती दिवसांनी. "शहाणा हाय तुझा राधेश्याम. उभ्या करा लक्ष्म्या."

मी आत जाऊन माठातलं पाणी प्यायले. उभ्यानंच, तांब्यानं.

३१ ऑगस्ट, रविवार

लक्ष्म्या आल्या. हळदी-कुंकवाची पावलं उमटवत उंबऱ्यातून आत आणल्या. थोरलीला हिरवी, धाकटीला जांभळी. निऱ्या मण्यांवर बराबर बसल्या.

सगळं छान चाललेलं. नाना म्हणाले, "भारत, उद्या त्या राधेश्यामला बोलाव. पाटावर बसवून जेवू घालायचं, धोतरजोडी द्यायची." भारतला हसू आवरेना. आणि शालूच्या पोटात राहिलंच नाही — "नाना, कुठला राधेश्याम घेऊन बसलात? आक्कानं केलाय खांब. महिनाभर करून राह्यल्यात त्या."

नानांनी तोंड माझ्याकडे वळवलं. डोळे नाहीत, तरी वळवलं.  उठून बाजेवर गेले, भिंतीकडे तोंड करून पडले.

शालू रडायला लागली. मी म्हटलं, राहू दे, कधीतरी कळणारच होतं. पण नाना म्हणाले तर उद्या सकाळी मुखवटे उतरवावे लागतील.

१ सप्टेंबर, सोमवार

मुखवटे उतरवा म्हणाले नाहीत. पूजेला बसले, आरतीला उभे राहिले, पुरणपोळी खाल्ली. माझ्याशी एक शब्द नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

लक्ष्म्या गेल्या. मी साड्यांच्या घड्या घालत होते तेव्हा नानांनी दोन्ही खांब मागितले. एक हात थोरलीवर, एक हात धाकटीवर. मी म्हटलं, नाना, चुकलं असेल तर सांगा. मान हलवली. "धाकटीचा मी केला असं वाटतं ना तुला? वाळवीनं खाल्ला तो बी मी केला न्हाई, अन् हा बी न्हाई. मला तिरपी कधी चालवताच आली न्हाई, उषे. दोन्ही तुझ्या आईनं केल्ते, तू जन्मायच्या आधी. मी दोरी ओढायचो. मंग आजीनं तिला बंद करायला लावलं. फोनवर जे सांगितलं ते समदं तुझ्या आईचं, गोपिकाचं बोलणं, मी नुसतं ध्यानात ठिवलं."

मी आईचा हात फक्त लाटण्यावर पाहिला होता.